मोबाईलवर पान उजवीकडे सरकतं, कार्ड चेंगरतात: मामाच्या केळी नर्सरीची वेबसाइट आणि बारा कॉलमचा घोळ

सातपुडा_पायथा (फैजपूर)

नमस्कार मंडळी. आधी माझी पायरी सांगतो, म्हणजे उत्तर कुठून सुरू करायचं ते कळेल. फैजपूरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी. वेबसाइट बनवायचं रात्री दुकान बंद केल्यावर व्हिडिओ बघून शिकलो.

मामाची रावेर तालुक्यात केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी आहे. मृगबागेच्या रोपांचं बुकिंग सुरू झालं की मामा रोज पन्नास जणांना तेच तेच फोटो व्हॉट्सअपवर पाठवत बसतो. म्हणाला, तू एक पान करून दे, मी नुसती लिंक टाकेन. घरचं काम, पैसे नाहीत, पण चुकलं तर दिवाळीपर्यंत ऐकावं लागेल.

बूटस्ट्रॅप ५ घेतलं, म्हणजे पानाच्या मांडणीचे तयार क्लास देणारा संच; तो रुंदीचे बारा कॉलम धरतो. वर नर्सरीचं नाव, डावीकडे सहा कार्ड (जी-नाइन जातीच्या केळीची रोपं, प्राथमिक हार्डनिंग, दुय्यम हार्डनिंग, ठिबक, खताचं वेळापत्रक, बुकिंग), त्याखाली केळीच्या भावाचा सात रकान्यांचा तक्ता, आणि उजवीकडच्या पट्टीत मामाचा नंबर नि नकाशा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाच बाय पाचवर लावलेली बाग दिसावी तसं एका ओळीत दिसतं. मी खूश. मग मामाच्या मोबाईलवर उघडलं.

तिथं पान बोटानं उजवीकडे सरकतं आणि कडेला पांढरी पट्टी दिसते. कार्ड अजूनही तीन-तीनच आहेत, पण इतकी चेंगरलेली की एका ओळीत एक शब्द मावत नाही. मामाच्या हट्टापायी एका कार्डावर 'ऊतिसंवर्धितरोपवाटिका' लिहिलंय, तो शब्द तर कार्डाबाहेर निघून शेजारच्या फोटोवर चढलाय. तक्ता अर्धा गायब. आणि नंबर पार तळाला. मामानं मोबाईल दोनदा आडवा-उभा केला आणि म्हणाला, "मले त नंबरच सापडत नाई रे भो."

बाहेरच्या दोन भागांना 'कोल-एमडी-८' आणि 'कोल-एमडी-४' (बारातले आठ आणि चार कॉलम) दिलंय, हे एका तयार नमुन्यातून उचललं. आठच्या आत दुसरी रो (कॉलमची आडवी ओळ) आहे, तिच्यात प्रत्येक कार्डाला 'कोल-४'. कार्ड एकमेकांना चिकटत होते म्हणून आतल्या रोला 'जी-५' लावलं. (फोनवरून देवनागरी कीबोर्डनंच लिहितोय, त्यामुळे क्लासची नावं बोलतो तशीच लिहिली आहेत, समजून घ्या.)

अजून एक डोक्यात जात नाही. एमडी म्हणजे ७६८ पिक्सेल किंवा त्याहून रुंद स्क्रीन असं वाचलं. मामाच्या मोबाईलची रुंदी १०८० पिक्सेल आहे, खोक्यावर छापलंय. १०८० म्हणजे ७६८ पेक्षा जास्तच ना? मग मोबाईलवर नंबर खाली का गेला?

---

गिरणा७७ (चाळीसगाव)

हेडमध्ये व्ह्यूपोर्टची मेटा ओळ आहे का बघा, विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ वाली. ती नसेल तर मोबाईल समजतो की पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे आणि सगळं बारीक करून दाखवतो. निम्म्या लोकांचा घोळ तिथंच असतो.

---

सातपुडा_पायथा

आहे भाऊ ती ओळ. अक्षरं बारीक नाहीत, जागा बारीक आहे.

---

पांझराकाठ (धुळे)

'जागा बारीक आहे' हे बरोबर पकडलंत. आधी १०८० चं उरकते.

खोक्यावरचे १०८० हे काचेवरचे खरे ठिपके. ब्राउझर त्यात मोजत नाही, तो सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) पिक्सेलमध्ये मोजतो. तुमच्या मामांच्या फोनसारख्या बऱ्याच फोनमध्ये तीन ठिपक्यांचा एक पिक्सेल धरतात, म्हणजे १०८० चे झाले ३६०. बूटस्ट्रॅपच्या पायऱ्या ५७६ (एसएम), ७६८ (एमडी), ९९२ (एलजी), १२०० (एक्सएल) आणि १४०० अशा आहेत. ३६० पहिल्या पायरीच्याही खाली. म्हणून 'कोल-एमडी-८' तिथं लागूच होत नाही, तो भाग पूर्ण रुंदीचा होतो आणि पट्टी त्याच्याखाली जाते. तुमचा नमुना बरोबर चालला, चुकलं ते तुम्ही हातानं लिहिलेलं. रागावू नका.

मी मुळात वेबवाली नाही. धुळ्यात एका दैनिकात अकरा वर्षं पेजमेकरवर पानं लावली, आठ कॉलमची. रात्री दीडला जाहिरात आली की तीन कॉलमची बातमी दोन कॉलमची करायची, मथळा तोडायचा, फोटो कापायचा. दोन कॉलममधल्या रिकाम्या जागेला आम्ही तेव्हाही गटरच म्हणायचो. त्यामुळे २००९ साली वेबचं काम शिकायला बसले तेव्हा ९६० नावाची ग्रिड बघून घरी आल्यासारखं वाटलं. ९६० पिक्सेलचं पान, त्याचे बारा भाग, प्रत्येक कॉलम ६० चा आणि मध्ये २० चं गटर. आपलंच पान, फक्त आठाच्या जागी बारा. बारा का, तर त्याचे दोन, तीन, चार, सहा असे सगळे वाटे पूर्ण पडतात. आठाचे तीन सारखे वाटे करून दाखवा!

ती घरी आल्याची भावना वर्ष-दीड वर्ष टिकली. पेपरात कागदाचा रोल ठरलेला असतो, पान किती रुंद ते प्रेसला माहीत. वेबवर पानाची रुंदी वाचणाऱ्याच्या खिशात असते. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव देऊन लेख लिहिला, पुढच्या वर्षी बूटस्ट्रॅप आलं, आणि २०१३ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याचा हिशेब मोबाईलपासून वर चढायला लागला. हा 'वर चढणारा' हिशेब एकदा डोक्यात बसला की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

कोल-४ म्हणजे 'बारातले चार' आणि तेही *सगळीकडे*. त्यात एमडी, एलजी काहीच नाही, म्हणजे शून्य पिक्सेलपासून लागू. आता तुमच्या मामांच्या फोनवर माझ्याबरोबर गणित करा. स्क्रीन ३६०. बाहेरचा भाग पूर्ण रुंद, त्याची दोन्हीकडची पॅडिंग (कडेची आतली मोकळी जागा) १२-१२ गेली, राहिले ३३६. आतल्या रोला तुम्ही 'जी-५' दिलंत, ते गटर ४८ पिक्सेलचं. रो अर्ध्या गटराइतकं, म्हणजे २४, दोन्हीकडे *उणे* मार्जिन (कडेबाहेरची जागा) घेते, त्यामुळे ती ३३६ ची ३८४ झाली. ३६० च्या स्क्रीनमध्ये ३८४ ची रो! डावीकडे १२ बाहेर, उजवीकडे १२ बाहेर. डावीकडचं सरकवता येत नाही, उजवीकडचं येतं. ती तुमची पांढरी पट्टी.

आणि कार्ड? ३८४ भागिले तीन, १२८. त्यातून गटराचे ४८ वजा, ८० उरले. कार्डाची आतली पॅडिंग १६-१६. अक्षरांना पन्नास पिक्सेलसुद्धा मिळत नाहीत. त्यात 'ऊतिसंवर्धितरोपवाटिका'. बिचारा शब्द जाईल कुठं?

थोडक्यात जी-नाइनच्या पानावर जी-५ नं घोळ घातला. (हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.)

उणे मार्जिन ही काही चूक नव्हे. रोची मार्जिन आणि बाहेरच्या डब्याची पॅडिंग एकमेकांना खोडतात, म्हणून पहिल्या कार्डाची डावी कड वरच्या मथळ्याशी सरळ रेषेत येते. नेहमीचं गटर २४ चं, निम्मं १२, बाहेरची पॅडिंग १२, हिशेब मिटला. तुम्ही गटर दुप्पट केलंत आणि बाहेरची पॅडिंग तेवढीच ठेवलीत. 'जी-४' लावा, ते २४ चंच आहे, आडवं-उभं दोन्हीकडे. कार्ड चिकटत होते ते वरून-खालून चिकटत असतील, कारण रोला उभं गटर आपणहून नसतं. जी-५ च हवं असा हट्ट असेल तर बाहेरच्या डब्याला 'पीएक्स-४' देऊन पॅडिंग २४ करा. पण ३६० च्या फोनवर ४८ चं गटर म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत झोपाळा.

आता कार्डांचे क्लास. 'कोल-१२ कोल-एसएम-६ कोल-एक्सएल-४'. खालून वर वाचा: फोनवर एकेक, ५७६ पासून दोन-दोन, १२०० पासून तीन-तीन. मधे एलजी का सोडलं? इथं सगळे फसतात, मीही फसले होते. एमडी, एलजी या पायऱ्या *स्क्रीन* मोजतात, कार्ड ज्या डब्यात आहे तो डबा मोजत नाहीत. तुमची कार्डं आठ कॉलमच्या आत आहेत. ९९२ च्या लॅपटॉपवर कंटेनर (सगळ्यांत बाहेरचा डबा) ९६० चा, त्यातले आठ कॉलम ६४०, त्याचे तीन वाटे केले की गटर जाऊन कार्डाला १८९ मिळतात. दोनच वाटे केले तर २९६. मराठी मथळ्याला १८९ कमीच पडतात. १२०० पासून कंटेनर ११४० चा होतो, तिथं तीन वाट्यांतही २२९ मिळतात, चालतं.

पट्टी खाली जाते कारण एचटीएमएलमध्ये ती नंतर लिहिली आहे. कॉलम मोडले की लिहिलेल्या क्रमानं एकाखाली एक येतात. नंबरवाला भाग आधी लिहा आणि त्याला 'ऑर्डर-एमडी-२', कार्डांच्या भागाला 'ऑर्डर-एमडी-१' द्या. मोठ्या स्क्रीनवर नंबर उजवीकडेच राहील, फोनवर वर येईल. उलटं करू नका, म्हणजे नंबर शेवटी लिहून ऑर्डरनं वर खेचू नका. ऑर्डर फक्त डोळ्यांना दिसणारी जागा बदलते, स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला आणि टॅबनं जाणाऱ्याला पान लिहिलेल्या क्रमानंच मिळतं. नकाशा मात्र वेगळा करून तळाला टाका, त्याला वर आणायची गरज नाही. आणि नंबरला 'टेल' ची लिंक द्या, बोट लावलं की फोन लागला पाहिजे.

तक्त्याला ग्रिड वाचवू शकत नाही. सात रकान्यांचा तक्ता ३३६ मध्ये बसत नाही, बसवायला जाऊ नये. त्याला 'टेबल-रिस्पॉन्सिव्ह' च्या डिव्हमध्ये गुंडाळा, म्हणजे पानाऐवजी फक्त तक्ता आडवा सरकेल. त्याहून बरं म्हणजे फोनवर नको ते रकाने लपवायचे, 'डी-नन डी-एमडी-टेबल-सेल' देऊन. तारीख, प्रत आणि भाव ठेवा. आवक वगैरे कॉम्प्युटरवर दिसू दे.

शेवटचं, आणि हे इंग्रजी व्हिडिओत कधीच सांगत नाहीत. बूटस्ट्रॅपच्या मथळ्यांची लाइन-हाइट १.२ असते. इंग्रजीला पुरते. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, दोन ओळींचा मथळा झाला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. १.४ करा. पानाच्या सुरुवातीला लँग 'एमआर' लिहा, काही फॉन्ट त्यावरून मराठी वळणाचे ल आणि श देतात. आणि मामांना सांगा, 'ऊतिसंवर्धित रोपवाटिका' दोन शब्दांत लिहा, मधे जागा सोडा. सीएसएसमध्ये 'ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड' आहे, लावून ठेवा, पण ते शब्द कुठंही तोडतं. तोडलेल्या मथळ्यासाठी आमच्या उपसंपादकांनी मला हाकललं असतं.

---

अनेरकाठ (शिरपूर)

ताईंचं सगळं मान्य, पण एवढ्या सहा कार्डांसाठी बारा कॉलम कशाला मोजायचे? मार्च २०१७ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळ्यांत सीएसएस ग्रिड आहे. कार्डांच्या डब्याला 'डिस्प्ले: ग्रिड', खाली 'ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स' ला रिपीट, त्यात ऑटो-फिट आणि मिनमॅक्स (किमान-कमाल रुंदी) २४० पिक्सेल ते १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा), वर गॅप १६. संपलं. प्रत्येक कार्डाला किमान २४० मिळतील, जितकी बसतील तितकी बसतील. ना एसएम, ना एक्सएल, ना उणे मार्जिन. आणि ताई म्हणतात तो 'स्क्रीन मोजतं, डबा मोजत नाही' हा त्रासही नाही, हे डबाच मोजतं. भाऊ, बठ्ठं जमी जाई.

---

पांझराकाठ (धुळे)

कार्डांसाठी तुमचं बरोबर आहे, मीही आता कार्डांना हेच लावते. दोन गोष्टी सांगून ठेवते. ऑटो-फिटमध्ये दोनच कार्ड असली तर ती अख्ख्या रुंदीवर ताणतात, तिथं ऑटो-फिल लिहावं, मग रिकामी जागा रिकामीच राहते. आणि हीच युक्ती तक्त्याच्या भागाला नुसत्या १ एफआरनं केली तर तक्ता कॉलमला ढकलून पान पुन्हा उजवीकडे सरकवेल, कारण १ एफआर आतल्या मजकुराच्या किमान रुंदीखाली जात नाही. तिथं 'मिनमॅक्स शून्य, १ एफआर' लिहायचं. हे शून्य न लिहिल्यामुळे माझी एक अख्खी रविवारची दुपार गेली होती, तीही मे महिन्यात, वीज गेलेली असताना, लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर.

बाहेरची आठ-चारची मांडणी बूटस्ट्रॅपची, आत कार्डांना ग्रिड, असं दोन्ही एका पानावर सुखानं नांदतं. फक्त आतल्या डब्याला रो आणि जी-४ ठेवू नका, गटर आणि गॅप दोन्ही मोजत बसाल.

पान पुन्हा सरकलं तर कोण बाहेर निघालंय ते असं शोधा: सगळ्या घटकांना, म्हणजे ताऱ्याच्या खुणेला, एक पिक्सेलची लाल 'आउटलाइन' द्या. बॉर्डर नको, बॉर्डर स्वतः जागा खाते, आउटलाइन खात नाही. ज्याची लाल चौकट स्क्रीनबाहेर दिसेल तो आरोपी.

---

सातपुडा_पायथा

ताई, भाऊ, काल रात्री सगळं बसवलं. कार्डांना शेवटी ग्रिडच लावली, पण आधी ताईंचं ८० पिक्सेलचं गणित कागदावर करून बघितलं. ८० च आले. इतके दिवस मी क्लास बदलून रिफ्रेश मारत होतो, मोजायचं सुचलंच नव्हतं. बागेत दोन रोपांत पाच फूट सोडायचे म्हणजे एकरी १७४२ रोपं लागतात हे मला झोपेत विचारा, सांगेन, आणि इथं मात्र अंदाजपंचे.

लाल आउटलाइननं अजून एक चोर सापडला. पट्टीतला नकाशा. त्याच्या एम्बेडमध्ये विड्थ ६०० लिहिलेली होती. १०० टक्के केली.

उन्हातही बघितलं. मामा नर्सरीच्या शेडनेटबाहेर उभा राहून मोबाईल बघतो, तिथं माझी राखाडी अक्षरं दिसतच नव्हती, सरळ काळी केली. नंबर आता नावाच्या लगेच खाली आहे, मोठ्या हिरव्या बटणात. 'ऊतिसंवर्धित' आणि 'रोपवाटिका' मधे जागा सोडायला मामा तयार झाला, एवढंच म्हणाला की बोर्डवाल्या पेंटरनंही तेच सांगितलं होतं.

तक्त्यावर मात्र ताई, तुमचं चाललं नाही. आवकेचा रकाना फोनवर लपवला, लिंक टाकली, आणि तासाभरात मामाचा फोन. आवक कुठं गेली? भाव एकटा वाचून काय करू, ज्या दिवशी माल जास्त आला त्या दिवशीचा भाव वेगळाच असतो. आजूबाजूच्या दोन शेतकऱ्यांनीही त्याला तेच विचारलं म्हणे. मग आवक परत आणली, प्रत लपवली, आणि तक्त्यावर 'बोटानं डावीकडे सरकवा' अशी ओळ टाकली. तीन रकाने दिसतात, बाकीचे सरकवून.

---

पांझराकाठ (धुळे)

मामांचं बरोबर, माझं चुकलं. कुठला रकाना लपवायचा हे धुळ्यात बसून मी कशाला सांगितलं? तारखेचा रकाना डावीकडे चिकटवून ठेवा, 'पोझिशन: स्टिकी' आणि 'लेफ्ट: शून्य', वर पांढरी पार्श्वभूमी द्या नाहीतर सरकलेले आकडे त्याच्याखालून दिसतील. मग सरकवलं तरी कुठल्या दिवसाची आवक ते कळत राहील.